विश्लेषण : गाडी ‘फोर बाय फोर’मध्ये कधी टाकायची… आणि कधी नाही?

पावसाळ्यात शनिवारी-रविवारी पहाटे डोंबिवलीतून निघालेल्या गाड्या दोन दिशांना पांगतात. काही कल्याण, शहाड, रायते करत मुरबाड आणि माळशेजकडे जातात, तर काही शिळफाट्याहून पनवेल, अलिबागकडे. त्यांत पाठीवर ‘४×४’ असा शिक्का मिरवणाऱ्या गाड्याही असतात. मात्र गाडीत ही सोय असणे आणि ती कधी, कशी वापरायची हे माहीत असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गाडी रुतल्यावर ही सोय आठवली तर बहुतेकदा उशीर झालेला असतो, कोरड्या काँक्रीटवर ती सुरू ठेवली तर यंत्रणेवर ताण येतो आणि पुराच्या पाण्यात तिच्यावर विसंबले तर जिवावर बेतते. त्यामुळे ही यंत्रणा काय करते आणि काय करू शकत नाही, हे समजून घेणे आवश्यक आहे.

सगळ्या एसयूव्ही ‘फोर बाय फोर’ असतात का?

नाही. मराठीत ‘चारचाकी’ म्हणजे चार चाकांची कोणतीही गाडी. ‘फोर बाय फोर’मधील पहिला चार म्हणजे एकूण चाके आणि दुसरा चार म्हणजे इंजिनाची ताकद मिळणारी चाके. बहुतेक मोटारींत ही ताकद पुढच्या किंवा मागच्या दोनच चाकांना मिळते. वाहन उत्पादकांची संघटना ‘सियाम’च्या आकडेवारीनुसार २०२४-२५ या आर्थिक वर्षात देशात विकल्या गेलेल्या प्रवासी वाहनांपैकी सुमारे ६५ टक्के युटिलिटी प्रकारातील होती. पण त्यांतील बहुसंख्य गाड्या दोन चाकांवरच चालतात. क्रेटा, नेक्सॉन, ब्रेझा या रस्त्यावर सर्रास दिसणाऱ्या गाड्यांत पुढची दोन चाके गाडी ओढतात, तर बोलेरो आणि स्कॉर्पिओ क्लासिकमध्ये मागची दोन चाके ती ढकलतात.

महिंद्राच्या थारबाबत तर अधिक गोंधळ होतो. २०२० मध्ये नवी थार आली तेव्हा ती ‘फोर बाय फोर’ होती. जानेवारी २०२३ पासून तिची मागच्या दोन चाकांवर चालणारी स्वस्त आवृत्तीही मिळू लागली. लांबून दोन्ही सारख्याच दिसतात. मित्राची थार ज्या चिखलातून गेली तेथून आपलीही जाईल, हा अंदाज इथेच चुकतो. त्यामुळे सहलीला निघण्यापूर्वी, विशेषतः गाडी भाड्याची किंवा नातेवाईकांची असेल तर, गिअरच्या दांड्याशेजारी दुसरा लहान दांडा आहे का, किंवा ‘२एच, ४एच, ४एल’ असे लिहिलेला खटका आहे का, हे आधी पाहावे.

२एच, ४एच आणि ४एल म्हणजे काय?

थार, जिम्नी, फॉर्च्युनर, गुरखा या गाड्यांच्या फोर बाय फोर आवृत्त्यांत गिअरबॉक्सच्या मागे ‘ट्रान्सफर केस’ नावाची पेटी असते. इंजिनाची ताकद फक्त मागच्या चाकांकडे पाठवायची की पुढच्या चाकांनाही द्यायची, हे ती ठरवते. ‘२एच’ म्हणजे मागची दोन चाके आणि नेहमीचा वेग. शहरातील आणि महामार्गावरील सर्व प्रवास यातच करायचा असतो. ‘४एच’मध्ये चारही चाकांना ताकद मिळते, गिअर मात्र नेहमीच्या वेगाचे राहतात. ‘४एल’मध्ये चारही चाकांना ताकद मिळतेच, शिवाय आणखी एक गिअरजोडी मध्ये येते. त्यामुळे चाकांवरची ओढ गाडीनुसार सुमारे दोन ते अडीच पट होते आणि वेग त्याच प्रमाणात कमी होतो. दगडांवरून चढणे, निसरडा तीव्र उतार उतरणे किंवा रुतलेली गाडी बाहेर काढणे यासाठी ‘४एल’ असते.

या प्रकाराला ‘पार्ट-टाइम’ फोर-व्हील ड्राइव्ह म्हणतात. वापरणे किंवा न वापरणे पूर्णपणे चालकाच्या हाती असते. याउलट एक्सयूव्ही ७००, जीप कंपास, ग्रँड व्हिटारा यांच्या काही आवृत्त्यांत ‘ऑल-व्हील ड्राइव्ह’ असते. तेथे पुढची चाके घसरू लागली की संगणक आपोआप मागच्या चाकांनाही ताकद देतो आणि दांडा टाकावा लागत नाही. जून २०२५ मध्ये आलेल्या विजेवरील हॅरियरच्या वरच्या आवृत्तीत पुढे आणि मागे स्वतंत्र मोटार आहे, त्यामुळे ट्रान्सफर केसची गरजच उरत नाही. डांबरी रस्त्यावर बंद करण्याचा पुढील नियम अशा स्वयंचलित गाड्यांना लागू होत नाही. तो पार्ट-टाइम गाड्यांसाठी आहे.

कोरड्या रस्त्यावर ‘४एच’ का टाकू नये?

गाडी वळते तेव्हा चारही चाके सारखे अंतर कापत नाहीत. बाहेरच्या बाजूचे चाक आतल्यापेक्षा जास्त फिरते. हा फरक सांभाळण्यासाठी डाव्या-उजव्या चाकांमध्ये ‘डिफरन्शियल’ असते. तसाच फरक पुढच्या आणि मागच्या चाकांतही पडतो. सुमारे अडीच मीटर अंतरावर आस असलेली गाडी आखूड वळण घेताना मागच्या चाकाने १० मीटर अंतर कापले, तर त्याच बाजूचे पुढचे चाक ११ मीटरच्या आसपास जाते. मात्र पार्ट-टाइम यंत्रणेत ‘४एच’ टाकले की पुढचा आणि मागचा दांडा एकाच वेगाने फिरण्यासाठी जखडले जातात. हा एक मीटरचा फरक भरून काढायला मध्ये काहीच नसते.

माती, चिखल किंवा वाळूत चाक किंचित घसरते आणि हा फरक निघून जातो. काँक्रीट आणि डांबरावर चाक घसरत नाही. मग तो ताण गिअर, दांडे आणि सांधे यांत साठत जातो. गाडी पीळ घातलेल्या दोरीसारखी होते. स्टिअरिंग जड होते, वळणावर गाडी उड्या मारल्यासारखी धक्के देते, टायर किंचाळतात आणि दांडा ‘२एच’मध्ये परत येत नाही. दुर्लक्ष केल्यास ट्रान्सफर केस किंवा पुढच्या आसाचे नुकसान होऊ शकते. डोंबिवलीच्या अरुंद गल्लीत किंवा इमारतीच्या पार्किंगमध्ये गाडी मागे-पुढे करताना असे धक्के बसू लागले, तर यंत्रणा चुकून सुरू राहिली आहे का, हे आधी तपासावे.

दांडा अडकल्यास जोर लावू नये. स्टिअरिंग सरळ ठेवून गाडी काही मीटर सावकाश मागे आणि पुन्हा पुढे घ्यावी. पीळ सुटला की दांडा सहज निघतो. जवळ कच्ची माती असेल तर काम आणखी सोपे होते.

मग ‘४एच’ नेमके कधी टाकायचे?

याचे उत्तर एका वाक्यात सांगता येते : चाक घसरू शकेल असा पृष्ठभाग समोर दिसला की, त्यावर जाण्यापूर्वी. ओला कच्चा रस्ता, भाताच्या खाचरांमधील चिखलवाट, सुटी खडी, वाळू, शेवाळलेला दगडी चढ ही त्याची ठिकाणे. मुरबाडच्या पुढे एखाद्या पाड्याकडे वळणारा रस्ता डांबर सोडून लाल चिखलात शिरतो, तेव्हा ‘४एच’ टाकण्याची जागा डांबर संपते तेथेच असते. चाके अर्धी रुतल्यानंतर नव्हे.

याचे कारण साधे आहे. दोन चाकांवर चिखलात शिरलेली गाडी अडकते, तेव्हा मागची चाके जागच्या जागी फिरून खड्डा खणतात आणि गाडीचे पोट जमिनीला टेकते. त्यानंतर चारही चाकांना ताकद दिली तरी चाकांवर वजनच उरलेले नसते. म्हणून अनुभवी चालक आत जाण्यासाठी ‘४एच’ वापरतात आणि बाहेर पडण्यासाठी ‘४एल’ राखून ठेवतात. ‘४एच’मध्येही पुढे जाणे कठीण वाटू लागले, तर तो मागे फिरण्याचा इशारा समजावा. फोर बाय फोर गाडी दोन चाकांच्या गाडीपेक्षा कमी वेळा अडकते. पण अडकते तेव्हा अधिक आत आणि मदतीपासून अधिक दूर अडकलेली असते.

टाकण्याची योग्य पद्धत कोणती?

‘२एच’मधून ‘४एच’मध्ये जाण्यासाठी अनेक आधुनिक गाड्या थांबवाव्या लागत नाहीत. जिम्नीमध्ये ताशी १०० किलोमीटरपर्यंत हा बदल करता येतो. प्रत्येक गाडीची मर्यादा वेगळी असते आणि ती मालकाच्या पुस्तिकेत दिलेली असते. मर्यादा काहीही असली तरी वेग ताशी ३०-४० पर्यंत उतरवून, स्टिअरिंग सरळ ठेवून, ॲक्सिलरेटरवरून पाय काढून दांडा टाकणे हितकारक. मागची चाके जोरात फिरत असताना ‘४एच’ कधीही टाकू नये. पुढची चाके स्थिर आणि मागची वेगात असताना दोन्ही दांडे जोडले गेले तर मोठा धक्का बसतो. आधी चाके थांबू द्यावीत, मग बदल करावा.

‘४एल’साठी गाडी पूर्ण थांबवणे हा सर्वात सुरक्षित मार्ग आहे. ब्रेक दाबावा, मॅन्युअल गाडीत क्लच पूर्ण दाबून गिअर न्यूट्रलमध्ये घ्यावा, ऑटोमॅटिकमध्ये ‘एन’ निवडावे आणि मग दांडा किंवा खटका एका दमात ‘४एल’पर्यंत न्यावा. अर्धवट ठेवला तर ट्रान्सफर केस न्यूट्रलमध्ये राहू शकते. अशा वेळी गिअर ‘पार्क’मध्ये किंवा पहिल्यात असला तरी गाडी उतारावर घरंगळू शकते. म्हणून बदल होईपर्यंत हँडब्रेक ओढलेला असावा. डॅशबोर्डवरील दिवा लुकलुकत असेल तर दात अजून नीट बसलेले नाहीत असे समजावे. गाडी एक-दोन मीटर हळू पुढे-मागे केली की दिवा स्थिर होतो. दिवा स्थिर होण्याआधी चढावर जाऊ नये.

जुन्या जिप्सी किंवा जीपच्या मालकांसाठी आणखी एक पायरी असते. त्यांपैकी अनेक गाड्यांत पुढच्या चाकांच्या मध्यभागी हाताने फिरवायचे ‘लॉकिंग हब’ असतात. ते ‘लॉक’वर नसतील तर आत दांडा टाकूनही पुढची चाके ताकद घेत नाहीत. हे काम चिखलात उतरून करण्यापेक्षा डांबर संपण्याआधी केलेले बरे.

चारही चाकांना ताकद असूनही गाडी का अडकते?

डिफरन्शियलचा गुण इथे दोष ठरतो. ज्या चाकाला फिरणे सर्वात सोपे, त्याच्याकडे तो हालचाल वळवतो. खड्ड्यांच्या वाटेवर पुढचे डावे आणि मागचे उजवे चाक हवेत गेले, तर तीच दोन चाके फिरत राहतात आणि जमिनीवरची दोन स्वस्थ बसतात. यावर दोन उपाय आहेत. पहिला ‘डिफरन्शियल लॉक’. तो डावे-उजवे चाक एकत्र जखडतो. गुरखामध्ये पुढे आणि मागे दोन्हीकडे असे लॉक मिळतात. दुसरा उपाय संगणकाचा : जिम्नीसारख्या गाडीत रिकामे फिरणाऱ्या चाकाला आपोआप ब्रेक लागतो आणि ताकद दुसऱ्या चाकाकडे जाते. अशा गाडीत चाक फिरू लागल्यावर लगेच पाय काढण्याऐवजी ॲक्सिलरेटर हलका आणि स्थिर ठेवावा, म्हणजे यंत्रणेला काम करायला वेळ मिळतो.

डिफरन्शियल लॉक फक्त सरळ आणि घसरत्या जागी, मोजक्या मीटरसाठी वापरायचा असतो. लॉक असताना गाडी वळायला तयार नसते. घाटाच्या कडेच्या वाटेवर तो चालू राहिला तर धोका संभवतो.

पाणी साचलेल्या रस्त्यावर उपयोग होतो का?

डोंबिवलीकरांसाठी हा सर्वात महत्त्वाचा प्रश्न आहे. जोरदार पावसात शहरातील सखल भागांत पाणी साचते. मात्र या पाण्याखाली डांबर किंवा काँक्रीटच असते आणि तेथे चाकांची पकड बहुधा टिकून असते. म्हणजे अडचण पकडीची नसते, खोलीची असते. इंजिन हवा जेथून घेते तेथून पाणी आत गेले तर पिस्टन पाणी दाबू शकत नाही आणि आतला दांडा वाकतो. चार चाकांवरची ताकद यापासून वाचवत नाही. बंद पडलेली गाडी पाण्यात पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न करू नये. त्यातून होणारे इंजिनाचे नुकसान नेहमीच्या विमा पॉलिसीत बहुधा भरून मिळत नाही, त्यासाठी ‘इंजिन प्रोटेक्ट’ हे वेगळे पूरक संरक्षण घ्यावे लागते.

कंपन्या पाण्यातून जाण्याची कमाल खोली जाहीर करतात. थारसाठी ती ६५० मिलिमीटर, गुरखासाठी ७०० मिलिमीटर, तर जिम्नीसाठी केवळ ३०० मिलिमीटर आहे. तिन्ही गाड्या फोर बाय फोर आहेत, तरी फरक दुपटीहून अधिक. ही खोली संथ पाणी आणि सावकाश वेग गृहीत धरून असते. वाहत्या पाण्याचा हिशेब अगदी वेगळा आहे.

वाहत्या पाण्यात काय होते?

सुमारे चार मीटर लांब, १.८ मीटर रुंद आणि १,७०० किलो वजनाची गाडी घेतली, तर तिच्या तळाच्या वर साधारण २५ सेंटिमीटर पाणी चढले की त्या पाण्याचा वरचा रेटा गाडीच्या वजनाइतका होतो. तळ जमिनीपासून सव्वीस नव्हे, २२-२३ सेंटिमीटरच उंच असतो. म्हणजे अर्ध्या मीटरच्या आतच गाडी तरंगण्याच्या बेतात येते. गाडी पाणीबंद नसल्याने आत पाणी शिरते आणि ती लगेच तरंगत नाही, पण चाकांवरचा भार झपाट्याने घटतो. त्याच वेळी प्रवाह बाजूने ढकलत असतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेचा इशारा असा की, सुमारे ३० सेंटिमीटर वाहते पाणी बहुतेक लहान मोटारी वाहून नेऊ शकते आणि ६० सेंटिमीटर पाणी एसयूव्हीसह बहुतेक वाहने. चाके जमिनीला टेकलेलीच नसतील, तर दोन चाकांना ताकद आहे की चारांना, याला काहीच अर्थ उरत नाही.

ठाणे जिल्ह्याला उल्हास नदीने हा धडा अनेकदा दिला आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्या दिवशी मुंबईत पाण्यात बंद पडलेल्या मोटारींत अडकून काहींचा मृत्यू झाला. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली आणि सुमारे १,०५० प्रवाशांना बाहेर काढावे लागले. जुलै २०२१ मध्ये पुरामुळे रायते पुलावरून होणारी कल्याण-मुरबाड वाहतूक बंद ठेवावी लागली. पाण्याखाली गेलेल्या पुलावर दोन प्रश्न गाडीत बसून सुटत नाहीत : पाणी किती खोल आहे आणि खाली रस्ता शिल्लक आहे का. पुलाचा जोडरस्ता खचला असेल तर ते कोणत्याही दांड्याने भरून निघत नाही. अशा ठिकाणी थांबणे किंवा परत फिरणे हाच योग्य निर्णय असतो.

घाटात उतरताना ‘फोर बाय फोर’ सुरक्षित असते का?

सर्वात घातक गैरसमज ब्रेकबाबत आहे. ब्रेक प्रत्येक मोटारीत चारही चाकांनाच लागतात. फोर बाय फोरमुळे गाडी पुढे जायला मदत होते, थांबायला नाही. उलट अशा गाड्या बहुधा जड आणि उंच असतात. ओल्या रस्त्यावर चारही चाकांच्या जोरावर वेग पटकन घेता येतो, त्यामुळे रस्ता किती निसरडा आहे हे चालकाला कळतच नाही. ते कळते ब्रेक दाबल्यावर. पाण्याच्या थरावर टायर तरंगू लागले तरी हीच स्थिती होते. तेथे उपयोग होतो तो टायरच्या खाचांचा आणि कमी वेगाचा. कायद्याने मोटारीच्या टायरला किमान १.६ मिलिमीटर खाच हवी, पावसाळ्यासाठी त्याहून अधिक असलेली बरी.

माळशेजच्या डांबरी घाटात धुके आणि पाऊस असला तरी गाडी ‘२एच’मध्ये, खालच्या गिअरमध्ये आणि कमी वेगात उतरवावी. घाट उतरून कच्च्या, तीव्र, चिखलाच्या उतारावर जायचे असेल तर ‘४एल’ आणि पहिला गिअर वापरावा, क्लच न दाबता इंजिनाच्या जोरावर गाडी उतरू द्यावी. ब्रेक जोरात दाबला की चाके जखडतात आणि गाडी घसरगुंडीसारखी खाली जाते. ‘हिल डिसेंट कंट्रोल’ असेल तर ते चालू करावे. अनेक गाड्यांत ‘४एल’ टाकताच घसरण रोखणारी ईएसपी यंत्रणा बंद होते, हेही लक्षात ठेवावे. ‘४एल’मध्ये वेगाने जाणे म्हणूनच दुहेरी धोक्याचे.

समुद्रकिनाऱ्याचे काय?

कोरड्या वाळूत ‘४एच’ आवश्यक असते, पण पुरेसे नसते. टायरमधील हवा नेहमीच्या तीसेक पीएसआयवरून १८-२०पर्यंत कमी केली की टायर पसरतो आणि वाळूवर तरंगतो. परतताना डांबरावर येण्यापूर्वी ती पुन्हा भरावी लागते, म्हणजे सोबत पंप हवा. शिवाय किनाऱ्यावर घड्याळही चालू असते. भरती साधारण १२ तास २५ मिनिटांनी पुन्हा येते आणि पावसाळ्यात मुंबईजवळ तिची पातळी साडेचार मीटरच्या वर जाते. ओहोटीच्या ओल्या, घट्ट दिसणाऱ्या वाळूत रुतलेल्या गाडीला वाचवायला काही तासच हाती असतात.

जून २०२४ मध्ये गुजरातमधील मुंद्रा येथे समुद्रात नेलेल्या दोन थार लाटांत अडकल्या. त्यांची चित्रफीत देशभर पसरली आणि पोलिसांनी गुन्हा नोंदवला. त्याआधी डिसेंबर २०२३ मध्ये हिमाचलातील लाहौल-स्पीती जिल्ह्यात वाहतूक कोंडी टाळण्यासाठी चंद्रा नदीतून थार नेणाऱ्याला साडेतीन हजार रुपये दंड झाला. गोव्यात किनाऱ्यावर गाडी नेण्यास मनाई आहे आणि कोकणातील अनेक किनाऱ्यांवरही वाहने आणू नयेत असे फलक आहेत. किनाऱ्यावर फिरणारी मुले, मासे वाळत घालणाऱ्या महिला आणि वाळूत अंडी घालणारी कासवे यांच्यासाठी ही बंदी आहे. ठाणे जिल्ह्यातही पावसाळ्यात धबधबे आणि धरणांच्या परिसरात प्रशासन मनाई आदेश काढते. वनजमिनीत परवानगीशिवाय गाडी घालणे हा तर गुन्हाच आहे. गाडी जाऊ शकते, म्हणून ती नेता येते असे नाही.

गाडी रुतलीच तर?

पहिली गोष्ट म्हणजे ॲक्सिलरेटर सोडावा. चाक फिरत राहिले की खड्डा खोल होतो. खाली उतरून गाडीचे पोट टेकले आहे का ते पाहावे. ‘४एल’ टाकून, रिव्हर्स गिअरमध्ये, आलेल्या चाकोरीतूनच सावकाश मागे येण्याचा प्रयत्न करावा. आलेली वाट परिचित असते, पुढची नसते. चाकांसमोरचा चिखल काढून तेथे सपाट दगड, फांद्या किंवा पायपुसणी टाकावीत. दुसऱ्या गाडीने किंवा ट्रॅक्टरने ओढायचे असल्यास पट्टा गाडीच्या टो-हुकलाच बांधावा, बंपरला किंवा आसाला नाही. पट्टा ताणलेला असताना जवळ कोणीही उभे राहू नये, कारण हुक तुटला तर तो गोळीसारखा येतो. घरी नेण्यासाठी टोइंग व्हॅन बोलवावी लागली, तर दोन चाके उचलून ओढण्यापेक्षा संपूर्ण गाडी वर घेणारी व्हॅन मागवावी.

वर्षभर न वापरल्यास काय होते?

अनेक गाड्यांची फोर बाय फोर यंत्रणा विकत घेतल्यापासून एकदाही सुरू झालेली नसते. मग नेमक्या गरजेच्या वेळी दांडा जाम होतो किंवा दिवा लुकलुकत राहतो. टोयोटासारखी कंपनी आपल्या पुस्तिकेत महिन्याला किमान १६ किलोमीटर चार चाकांवर चालवण्यास सांगते, म्हणजे पुढच्या भागांना तेल मिळत राहते. शहरात त्यासाठी जागा मिळणे कठीण. मात्र मलंगगडाच्या पायथ्याकडे किंवा मुरबाड तालुक्यात कच्चा, मोकळा आणि परवानगी असलेला रस्ता सापडला, तर तेथे सरळ रेषेत ‘४एच’ आणि काही मीटर ‘४एल’ टाकून पाहणे हा सरावही ठरतो आणि तपासणीही. चारही टायर एकाच मापाचे आणि साधारण सारखे झिजलेले असावेत. मापात फरक असेल तर सरळ रस्त्यावरही यंत्रणेत पीळ साठतो.

सोमवारी सकाळी कल्याण-शीळ रस्त्यावर लागणाऱ्या रांगेत कोणाची गाडी किती चाकांवर चालते याने काही फरक पडत नाही. तेथे सगळ्यांनीच ‘२एच’मध्ये असावे. ही यंत्रणा वर्षातील मोजक्या मिनिटांसाठी असते : डांबर संपते तेथे ती सुरू करायची, डांबर पुन्हा लागले की बंद करायची. आणि समोर वाहते पाणी असेल, तर दांड्याला हात लावण्याऐवजी गाडी वळवायची.